चिनी गाण्याचा अर्थ

शहरात द्वारका चौकातल्या एका दुकानदाराने काकाच्या गळ्यात जुना व्हीसीडी प्लेयर मारला आणि वर दहा-बारा सीड्या फुकट दिल्या. फुलांचा टेम्पो रिकामा करून काका घरी आला तो राजाच्या थाटात. सीडी लावली आणि आमची तोंडं बघण्यासारखी झाली. माणसं चिनी, बोलणं चिनी, खाली येणारी अक्षरंसुद्धा चिनी!

"अहो भाऊजी, हे काय उचलून आणलंत?" आई म्हणाली.

"फुकट मिळालंय ना? मग बघा गुमान," काका म्हणाला.

आम्ही बघितलं. दुसरं होतं तरी काय? केबल आमच्या मळ्यापर्यंत पोचली नव्हती. ती कसलीशी मालिका होती आणि प्रत्येक भागाच्या सुरुवातीला तेच गाणं लागायचं. लाल कपड्यातली एक मुलगी नदीकाठी उभी राहून हसत हसत गायची. काय गोड चाल होती हो! आठवड्याभरात सगळं घर झेंडू क्रेटमध्ये भरता भरता ती गुणगुणायला लागलं. मी अजूनही भाकऱ्या थापताना गुणगुणते आणि माझी मुलं मला वेड्यात काढतात.

गाण्याचा अर्थ सांगायचं काम आपोआप आत्याकडे गेलं. श्रावणात आमच्याकडे पोथी लागायची तेव्हा आजोबा ओवी वाचायचे आणि आत्या तिचा अर्थ सांगायची. आसपासच्या मळ्यांतल्या बायका खास तिचा अर्थ ऐकायला यायच्या. आजोबांना, म्हणजे तिच्या दादांना, त्याचं कोण कौतुक! पण तिचं लग्न झालं, तिला कळवणच्या पलीकडे दिली आणि ते सगळं बंद पडलं. त्या वर्षी ती भाऊबीजेला आली आणि राहिलीच. "जरा बरं नाही," एवढंच म्हणाली. कुणी खोदून विचारलं नाही. सासरची माणसं न्यायला आली की पाठवायची, हे आजोबांचं ठरलेलं होतं. लेक माहेरी बसली तर लोक काय म्हणतील, या घोरानं त्यांना घास गोड लागत नव्हता.

रोज संध्याकाळी वीज असली की सीडी लागायची. मी आत्याला खेटून बसायचे. आई स्वयंपाकघरातून कान द्यायची. आजोबांना असल्या गोष्टींत रस नव्हता, ते आमच्याकडे पाठ करून फुलं निवडत बसायचे.

पहिल्या दिवशी आत्यानं सांगितलं, "ती नदीला विचारतेय, माझं गाव किती लांब राहिलं?" दुसऱ्या दिवशी त्याच गाण्यात ती मुलगी म्हणत होती, मला उपाशी ठेवतात.

मी तेव्हा दहा वर्षांची आणि एक नंबरची भांडखोर. कुणाची चूक सापडली की ती चारचौघांत सांगेपर्यंत मला चैन पडायचं नाही. "काल तर तू वेगळंच सांगितलंस!"

"गाणं मोठं आहे गं. एका दिवसात कुठं संपतं?"

मग रोज नवा अर्थ. मला धान्याच्या कोठीत कोंडलं, दोन दिवस पाणी दिलं नाही. तापलेल्या सांडशीनं दंडावर डाग दिला. नवरा बघत उभा होता, मग त्यानं दार ओढून घेतलं.

"चल, काहीतरीच! ती तर हसतेय," मी म्हणाले.

"हसतच सांगावं लागतं," आत्या म्हणाली आणि माझी वेणी घालायला लागली.

आत्या पक्की थापाडी आहे, असं माझं मत झालं. तरी मला ती जिवापाड आवडायची. तिच्या सगळ्या थापा मी ओळीनं पाठ करून ठेवल्या होत्या, कधीतरी तिला उघडं पाडायला.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी भरदुपारी तिचे सासरे आणि नवरा तिला न्यायला आले. आईनं शिरा-पुरी केली. आजोबा जावयाला आग्रह करकरून वाढत होते. आत्यानं मुकाट्यानं पिशवी भरली. माझा जीव नुसता कासावीस झाला. ती गेली तर मी कुणाशी भांडू? थोडा वेळ तरी मोडावा म्हणून मी सीडी लावली.

गाणं सुरू झालं तसे पाहुणे गालात हसले. आजोबा कौतुकानं म्हणाले, "आमची लेक याचाबी अर्थ सांगती बरं का! सांग गं पाव्हण्यांना."

आत्या खाली मान घालून उभी. पिशवीचा बंद सोडत होती, पुन्हा बांधत होती. माझी जीभ कुठली गप्प बसायला?

"मी सांगते! मला सगळं पाठ आहे!"

आणि मी घडाघडा म्हणून दाखवलं. उपास, कोठी, पाणी. मला काय कळत होतं, कप्पाळ! सांडशीपर्यंत आले आणि जावई ताडकन उठला.

"हिनं सांगितलं का हे? एकदाच झालं होतं ते! रोज रोज नाय!"

टीव्हीवर ती मुलगी आपली गातच होती. आत्याच्या सासऱ्यांनी लेकाचा हात धरून त्याला खाली ओढलं, पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

"बाही वर कर, बाळ," आजोबा म्हणाले.

आत्यानं बाही वर केली. आजोबांनी दंडाकडे बघितलं, मग पाहुण्यांकडे. आवाजसुद्धा चढवला नाही त्यांनी. "निघा आता. लेक येणार नाय."

सासरे लोकलाजेचं काहीतरी बोलायला लागले, तेव्हा काका दारात जाऊन उभा राहिला. दोघं चपला घालून निघून गेले. आईनं आत्याची पिशवी उचलून आत नेली आणि मी टीव्ही बंद केला.

आजोबा क्रेटवर बसले आणि उपरण्यात तोंड खुपसून हुंदके द्यायला लागले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, मी घाबरून आईला चिकटले. "इतके महिने माझ्या घरात होतीस," ते म्हणाले, "एका शब्दानं सांगितलं नाहीस गं?"

आत्या त्यांच्याजवळ जाऊन खाली बसली.

"रोज सांगत होते, दादा. तुम्ही इथंच तर बसलेला असायचात."