नावं संपेपर्यंत उठायचं नाही

अन्यायाची चीड पुष्कळांना येते, पण रिमोटवरच्या एका बटणाला समोरासमोर जाब विचारणारी व्यक्ती उभ्या ग्वाल्हेरात एकच आहे, आणि ती म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, तुमची आत्याआजी. तुम्ही लहानपणी थाटीपुरला तिच्या घरी गेला होतात, तेव्हा ती तुम्हाला लाडू देणारी गोड बाई वाटली असेल. ती तशी आहेच. पण तो टीव्ही बंद असतानाचा स्वभाव. टीव्ही लागला की ती न्यायाधीश होते, आणि फारच रागावली की मराठी सोडून हिंदीत शिरते. मराठीत रागावलं की समोरच्याला आपले लाड चालले आहेत असं वाटतं, असं तिचं मत आहे.

तिचा सगळ्यात जुना नियम नावांचा. घराघरांत एकच वाहिनी दिसायची तेव्हापासून मालिकेच्या आधी आणि नंतर येणारी सगळी नावं ती मोठ्याने वाचत आली आहे. नायक-नायिकेची तर वाचतेच, पण वेण्या घालणारी, दिवे धरणारा, गाडी चालवणारा, कोणी सुटत नाही. नावं संपेपर्यंत उठायचं नाही. एकदा तुमचे आजोबा मध्येच पाणी प्यायला उठले, तर म्हणाली, "दादा, लग्नात पोटभर जेवतोस आणि आचाऱ्याकडे न बघता निघून येतोस का?" आजोबा पुन्हा बसले. ते काही प्रत्येकाचं ऐकून बसणारे नव्हते, हे तुम्हाला ठाऊक आहे.

अशा बाईच्या घरी तिच्या मुलाने बेंगळुरूला परत जाताना भिंतीएवढा टीव्ही लावून दिला आणि त्यात मालिका बघायची ती ॲपही घालून दिली. पहिल्याच संध्याकाळी पडद्यावर प्रश्न आला, की सुरुवात वगळायची का? आत्याआजीने चष्मा पुसून तो दोनदा वाचला. "वगळायची? बिचारी माणसं दारात उभी आहेत आणि मी त्यांना वगळू? ये कौन होता है पूछनेवाला?" मग बरेच भाग झाल्यावर त्याच टीव्हीने विचारलं, की अजून बघताय ना? त्यावर तर तिने शेजारणीला हाक मारून साक्षीला आणलं. "पैसे मी भरते, वीज मी भरते, खुर्चीत मी बसलेय, आणि हा मलाच विचारतो आहात का म्हणून!"

हे ऐकून मी हसले होते, आता हसत नाही. तुम्ही मला मागे फोनवर सांगितलंत, की एक अख्खी मालिका तुम्ही रविवारी कपड्यांच्या घड्या घालताना दीडपट वेगाने बघून संपवली. मी ते आत्याआजीच्या कानावर घातलं. ती म्हणाली, "वहिनी, पोरांना सांगा, नाटकातला म्हातारा मरताना सावकाश मरतो. त्याला घाईने मारलं तर तो खून होतो."

तिच्या संतापाला इतिहास आहे. पूर्वी आठवड्याला एक भाग यायचा, आणि पुढचे भाग बहुधा तयार व्हायचे असायचे. एका मालिकेत एका शिकलेल्या सुनेचा फार छळ चालला होता. आत्याआजीने निर्मात्यांना पोस्टकार्ड टाकलं, की रडवता कसली तिला, नोकरी लावून द्या. काही आठवड्यांनी ती सून खरंच शाळेत शिकवायला जाऊ लागली. देशभरातून तसली कार्डं गेली असणार, पण त्या मुलीची नोकरी आत्याआजीने लावली, याबद्दल थाटीपुरात दुमत नाही.

तर गेल्या वर्षी पाटणकर बाजारात एका वेबसिरीजचं शूटिंग आलं. आम्ही दोघी अस्तराचं कापड घ्यायला निघालो होतो. वॉकीटॉकीवाल्या एका मुलाने हात आडवा केला. "अम्माजी, ज़रा साइड से."

"साइड से क्यूँ? तुम्हारे पैदा होने के पहले से इसी रास्ते से जा रही हूँ."

तो आवाज ऐकून दिग्दर्शकाने छत्रीखालून मान बाहेर काढली आणि म्हणाला, "अम्मा को फ़्रेम में लो."

काम एवढंच होतं, की पिशवी घेऊन बांगड्यांच्या दुकानासमोरून जायचं. पण आत्याआजी जागची हलेना. "मैं आ कहाँ से रही हूँ? घर पे कौन है? थैली में क्या है?" कोणालाच माहीत नव्हतं. शेवटी तिनेच ठरवलं, की मुलगी माहेरपणाला आली आहे, तिला मेथीची भाजी आवडते, म्हणून पावलं जरा भराभर पडतात. मग पिशवीत खरी मेथी असल्याशिवाय तिला तसं चालताच येईना. सगळं शूटिंग थांबलं, आणि मी कोपऱ्यावरून एक जुडी घेऊन आले.

नंतर पैसे देऊ लागले तर तिने हात मागे घेतला. "पैसा रहने दो. नाम देना. पूरा नाम, बीच में पति का भी." मुलाने ते मोबाइलवर टिपून घेतलं. मग तिने विचारलं, पहिला भाग कधी दाखवणार, म्हणजे पुढच्यासाठी काही सुचवता येईल. तो म्हणाला, "अम्माजी, सब शूट हो गया समझो. पूरा एक साथ आएगा."

"सब पका के लाओगे, तो नमक कौन चखेगा?"

"ॲप को पता चल जाता है अम्माजी, किसने कहाँ तक देखा."

"कहाँ तक देखा, वो पता चलता है. क्यूँ छोड़ा, वो भी पता चलता है?"

त्या मुलाला तेवढ्यात वॉकीटॉकीवर कोणीतरी बोलावलं. निदान तो तसं म्हणाला.

यंदा उन्हाळ्यात ती वेबसिरीज आली, सगळी एका दिवशी. आत्याआजी सहाव्या भागात आहे असं त्या वॉकीटॉकीवाल्या मुलाने फोनवर कळवलं होतं. तिने शेजारीपाजारी आवतण दिलं, खुर्च्या मांडल्या, चिवडा केला. पहिल्या संध्याकाळी खोली भरली होती. कोणीतरी म्हणालं, सरळ सहावा लावा की. तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने चिवड्याची वाटी खाली ठेवली. "पंगतीत बसल्याबसल्या मठ्ठा मागतात का?" रोज एक भाग, आठ वाजता, असं ठरलं. त्यात शिव्या फार होत्या. नायकाने तोंड उघडलं की ती आवाज बंद करायची आणि त्याच्या ओठांवर आपले संवाद ठेवायची, "अरे गाढवा, थांब! आईला विचारल्याशिवाय बंदूक घेतलीस?" मूळ मालिकेपेक्षा ते बरं होतं, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहिते.

पण दुसऱ्या संध्याकाळी निम्म्या खुर्च्या रिकाम्या, तिसऱ्या संध्याकाळी त्याहून. शेजारच्या भदौरियाबाई जिन्यात भेटल्या, तर म्हणाल्या, "आंटीजी, हमने तो कल ही निपटा दी."

"निपटा दी? सीरियल है कि जूठे बर्तन हैं? और मैं? मैं दिखी?"

"आप भी थीं उसमें?" भदौरियाबाईंनी अगदी मनापासून विचारलं. फुलके लाटताना मोबाइल भिंतीला टेकवून त्यांनी ती बघितली होती. लष्कर भागात राहणाऱ्या एका भाच्याने टेंपोत बसून, पुढे पळवत बघितली. आणि बेंगळुरूचा मुलगा फोनवर म्हणाला, "आई, चार भाग बघितले मी, पण स्लो आहे गं." त्या दिवशी आत्याआजीने दुधवाल्यापासून देवापर्यंत सगळ्यांशी फक्त हिंदीत बोलून घेतलं.

सहाव्या संध्याकाळी मांडलेल्या खुर्च्यांमध्ये आम्ही दोघीच होतो. शूटिंगच्या दिवशी नेसली होती तीच साडी ती नेसली होती. आणि पडद्यावर ती आली. पिशवी खाली ठेवून पुन्हा उचलायला लागेल तेवढ्या वेळात ती गल्ली ओलांडून गेलीसुद्धा, पडद्याच्या डाव्या कडेने, अर्धी नायकाच्या खांद्याआड. पण पावलं भराभर होती, आणि पिशवीतून हिरवी पानं डोकावत होती.

"मेथी दिसली," ती म्हणाली.

मग भाग संपला, आणि ज्याची आम्ही वाट बघत होतो ती नावं सुरू झाली. सुरू होताच त्यांचा सबंध पडदा आक्रसून कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा झाला. बाकीच्या जागेवर पुढच्या भागाचं चित्र आलं आणि आकडे उलटे मोजले जाऊ लागले. आत्याआजी खुर्चीतून पुढे झुकली. "अरे, अरे, थांब की रे!" तो थांबला नाही. सातव्या भागात कोणीतरी गोळी झाडली.

आता हिंदी येणार म्हणून मी तयार होते. तिने रिमोट मांडीवर ठेवला आणि पदराची कड सरळ केली. "राहू दे वहिनी," ती हळूच, मराठीत म्हणाली. "एवढ्या घाईत कोणाकोणाची नावं घेणार ते तरी."

तेव्हा मात्र मला संताप आला. जन्मभर आचाऱ्यापासून हमालापर्यंत सगळ्यांची नावं घेणाऱ्या बाईचं एक नाव या यंत्राला घेता येऊ नये? इंग्रजी शिकले ते कोणत्या दिवसासाठी? मी रिमोट घेतला, मागे गेले, खालची बारीक इंग्रजी अक्षरं वाचत राहिले. एकदा आम्ही भलत्याच स्वयंपाकाच्या कार्यक्रमात जाऊन पोचलो, एकदा आवाज चिनी का जपानी झाला. पण अखेर नावं पूर्ण पडद्यावर आली, आणि मी ती तिथेच थोपवून धरली.

तिने आपलं नाव शोधलं नाही. नेहमीसारखी वरून सुरुवात केली. दिवे लावणारे, सामान उचलणारे, गाड्या चालवणारे, चहा देणारा. इंग्रजी अक्षरं ती सावकाश लावून वाचत होती, मी एकेक ओळ पुढे सरकवत होते. चहा देणाऱ्याच्या खाली येऊन ती थांबली.

"वहिनी, हे तुम्ही वाचा."

मी वाचलं. पूर्ण नाव, मध्ये तुमच्या आतोबा-आजोबांचं. त्यांना जाऊन इतका काळ झाला, की त्या घरात ते नाव मोठ्याने घ्यायचं कोणाला कारणच उरलं नव्हतं. तिने मला ते पुन्हा वाचायला सांगितलं. मग उरलेली नावं तिने स्वतः वाचली, शेवटपर्यंत, आणि मग उठली.

आता तुमचं काम. वेबसिरीजचं नाव तुमच्या बाबांना कळवलं आहे. पहिल्या भागापासून बघा, आणि ती ज्या वेगाने चालली त्याच वेगाने तिला चालू द्या. नावं आक्रसू लागली की लगेच बटण दाबा. तिच्या ओळीच्या वर चहा देणाऱ्याचं नाव आहे. तिला फोनवर आधी ते सांगा, मग तिचं. नुसतं तिचंच सांगितलंत, तर म्हणेल वहिनीने पढवलं. आणि फोन जरा जास्त वेळ वाजत राहिला तर ठेवू नका. नावं वाचत असेल.