फोन लागत होता, आवाज येत नव्हता

पोलादपूरच्या जनावरांच्या दवाखान्यात मी पशुधन पर्यवेक्षक होतो. म्हणजे डॉक्टर नव्हे. डॉक्टरांची जागा बरेच महिने रिकामी होती आणि ती भरेपर्यंत सगळा कारभार माझ्याकडे आणि एका वयस्क परिचराकडे होता. डोंगरावरच्या वाड्यांना या फरकाशी काही देणंघेणं नव्हतं. ज्याच्या हातात सुई, तो डाक्तर.

मोबाइल तेव्हा नुकते डोंगरावर पोचले होते. २००७-०८ चा सुमार असेल. प्रत्येक वाडीत एखाद-दुसरा फोन, तोही मुंबईला असलेल्या नवऱ्याने किंवा मुलाने आणून दिलेला. रेंज यायची ती एखाद्या ठरावीक दगडावर उभं राहिलं तरच. त्या फोनांमध्ये माझा नंबर मात्र असायचाच. दवाखान्याचा साधा फोन पावसाळ्यात बंद पडला की दिवाळीपर्यंत लागत नसे, म्हणून मीच माझा नंबर वाटून ठेवला होता. कुणाचाही फोन आला की उचलायचा, ही माझी सवय होती आणि तिचा मला थोडा अभिमानही होता.

त्या वर्षी मी नवा फोन घेतला. आताच्या स्मार्टफोनसारखा नव्हे, बटणांचाच, पण रंगीत पडद्याचा आणि गाणी वाजवणारा. सोबत हेडफोन होता. घाटातून मोटारसायकलवर येता-जाता मी एक बोंडी कानात घालून गाणी ऐकायचो. हे बरं नाही, हे मलाही कळत होतं.

भाद्रपदातली गोष्ट. आंबेनळी घाटातल्या एका गावात लसीकरणाचं शिबिर होतं. दुपारी ते आटोपून मी निघालो, तेव्हा धुकं आणि बारीक पाऊस. फोन शर्टाच्या खिशात, हेडफोन लावलेला. रेनकोटच्या गळ्यातून पाणी आत झिरपत होतं, पण मी गाण्याच्या नादात होतो. पुढे कधीतरी बोंडी कानातून निसटली, ती परत घालायला मी थांबलो नाही. पोलादपूरला खोलीवर आलो, हेडफोनची पिन उपसली, फोन पुसला आणि खिडकीत ठेवला. बायको त्या आठवड्यात माहेरी गेली होती. भात लावला, जेवलो, झोपलो. फोन एकदाही वाजला नाही. दमलो होतो, त्यामुळे मला ते बरंच वाटलं.

सकाळी सहा-साडेसहाला फोन हातात घेतला आणि बघतच राहिलो. अकरा मिस्ड कॉल. सगळे एकाच नंबरवरून. पहिला आदल्या दिवशी दुपारी चारचा, म्हणजे मी रस्त्यात असतानाचा. शेवटचा पहाटेचा.

नंबर घाटाच्या रस्त्यापासून दीड तास वर असलेल्या एका वाडीतला होता. सात घरं. तिथे चाळिशीतली एक बाई होती, मी तिला वहिनी म्हणायचो. नवरा मुंबईत वॉचमन. घरात ती आणि तिचा धाकटा दीर, आणि तीन म्हशी. आदल्या वर्षी तिच्या एका म्हशीच्या गर्भाशयाला पीळ पडला होता. अशा वेळी म्हैस आडवी पाडतात, पोटावर लांब फळी ठेवतात, फळीवर एक माणूस उभं करतात आणि म्हशीला पिळाच्या बाजूने लोळवतात. जमलं तर दहा मिनिटांत पीळ सुटतो. त्या दिवशी फळीवर वहिनीच उभी राहिली होती आणि म्हैस वाचली होती.

मी लगेच तिला फोन लावला. फोन लागला, पडद्यावर सेकंद पळायला लागले, पण पलीकडून काहीच ऐकू येईना. मी हॅलो, हॅलो करत राहिलो. कापला, पुन्हा लावला. चार वेळा तेच. आवाजाचं बटण दाबून पाहिलं, आवाज पूर्ण होता. शेवटी मी ठरवून टाकलं की वर रेंज नाही. आणि पुढे जाऊन हेही ठरवलं की शेळ्यांच्या योजनेच्या अर्जाचंच काहीतरी असणार, कारण आदल्या आठवड्यात तिने त्यासाठी तीनदा फोन केला होता. अकरा वेळा कुणी अर्जासाठी फोन करत नाही, पहाटे तर नाहीच. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. माझ्यापुढे महाडहून लस आणायचं काम होतं. बर्फाचा डबा गाडीला बांधला, खोलीला कुलूप घातलं आणि महाडला गेलो.

महाडला लस मिळायला अवकाश होता, म्हणून बाजारपेठेत फोन दाखवायला गेलो. ओळखीचा एक मेकॅनिक होता. पूर्वी रेडिओ, टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा, आता त्याच टेबलावर मोबाइल उघडायचा. मी म्हटलं, स्पीकर गेला असावा, रिंग वाजत नाही आणि बोलणंही ऐकू येत नाही. त्याने फोन उघडायची घाई केली नाही. आधी फोन सायलेंटवर तर नाही ना ते बघितलं. मग बंद करून परत चालू केला. मग स्वतःच्या फोनवरून मला फोन लावला. माझ्या पडद्यावर त्याचा नंबर चमकला, आवाज शून्य. मग त्याने पडद्याच्या कोपऱ्यावर नख टेकवलं. तिथे हेडफोनचं एवढंसं चित्र होतं.

"हेडफोन कुठे आहे?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, घरी. काल काढून ठेवला.

तो म्हणाला, तुम्ही काढलात, फोनला ते कळलेलं नाही. पिनच्या भोकात ओल गेली आहे. त्याला वाटतंय हेडफोन लावलेलाच आहे, म्हणून रिंग तिकडे, पलीकडच्याचं बोलणं तिकडे, आणि तुमचं बोलणंही तो हेडफोनच्या माइकमधून घ्यायला बघतोय. तुम्ही ओरडलात तरी पलीकडे शांतता.

हे शेवटचं ऐकताना माझ्या लक्षात आलं की सकाळी चार वेळा मी त्या बाईला फोन करून एक अक्षरही बोललो नव्हतो. निदान तिच्या लेखी तरी.

त्याने बॅटरी काढली. दाताच्या काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटमध्ये बुडवला आणि भोकात फिरवला. कापूस तपकिरी झाला. टेबलावरच्या दिव्याखाली फोन थोडा वेळ सुकत ठेवला. दुसरा एक हेडफोन आणून दोन-चार वेळा लावला, काढला. बॅटरी घालून फोन सुरू केला तेव्हा ते चित्र गेलं होतं. स्पीकरच्या जाळीवरून कोरडा ब्रश फिरवून त्याने फोन माझ्या हातात दिला. मी तो खिशात घालतोय तोच तो वाजला. आवाज पूर्ण ठेवलेला, त्यामुळे मी दचकलोच.

फोन परिचराचा होता. मी हॅलो म्हटलं. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही आहात ना?"

मला प्रश्नच समजला नाही. तो सांगू लागला. वरच्या वाडीतली दोन माणसं मघापासून दवाखान्यात येऊन बसली आहेत. तुम्ही घाटात पडलात असं त्यांचं म्हणणं. मी नाही नाही म्हणत होतो, पण खोलीवर जाऊन बघितलं तर कुलूप, गाडी नाही, आणि तुम्ही फोन उचलत नाही. आत्ता उचलला नसतात तर आम्ही पोलीस ठाण्यात जाणार होतो.

लस घ्यायची राहिली. महाड ते पोलादपूर हायवेने मी कसा आलो ते मला आठवत नाही.

वहिनी दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. पोटऱ्यांपर्यंत चिखल, डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ. दीर खांबाला टेकून उभा. मला बघून ती उठली आणि तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, आम्ही जनावर तपासताना बघतो तसं. मी विचारलं, वहिनी, काय झालं?

"आमचं नाय वो. तुमाला काय झालं व्हतं?"

मी म्हटलं, मला काही नाही. म्हैस?

"म्हस ग्येली. पहाटंच," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघत राहिलो. म्हैस पहाटे गेली होती, तर आता माझं काय काम होतं? दीड तास उतरून, घाटाचा सगळा रस्ता चालून ही दोघं आली कशाला? मी तसं विचारलंही. उत्तर दिराने दिलं. सकाळी उजाडताना माझे फोन आले. नंबर माझाच, पण माणूस बोलेना. एकदा नाही, चारदा. आदल्या दिवशी मी घाटात शिबिराला होतो हे वाडीला ठाऊक होतं. दुपारपासून फोन उचलला जात नव्हता आणि मी फोन उचलत नाही असं आजवर झालं नव्हतं. त्यांनी ताळा जमवला की डाक्तर कुठेतरी दरीत पडलाय, फोनचं बटण दाबता येतंय पण बोलता येत नाही. मेलेली म्हैस शेजाऱ्यांच्या हवाली करून ही दोघं निघाली. रस्त्याला लागल्यावर महाबळेश्वरहून येणारी एस.टी. त्यांच्यासाठी थांबली होती, पण ही दोघं तिच्यात चढली नाहीत.

"बसलो असतो त खाली कसं दिसलं असतं?" वहिनी म्हणाली. "दर वळनावर वाकून बघत आलो."

मी तिच्याच शेजारी पायरीवर बसलो. परिचराने पाणी दिलं. मी आयुष्यात बऱ्याच लोकांची बोलणी खाल्ली आहेत, त्या दिवशीही खायला मी तयार होतो. हे मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हतं. ती दोघं इतकी सुटल्यासारखी दिसत होती की मला सगळं लपवणं शक्य होतं. फोन बिघडला होता, एवढं सांगितलं असतं तरी ते खरंच होतं. पण मी सगळं सांगितलं. गाणी ऐकत होतो, हेडफोनच्या भोकात पाणी गेलं. तुमचे अकरा फोन मी सकाळी बघितले. अर्जाचं असेल असं समजलो.

वहिनीला अर्धं कळलं नसावं असं मला वाटलं. पण जे कळायला हवं होतं ते तिला नेमकं कळलं होतं.

"बगितलंत?" तिने हळू विचारलं. "आनि म्हाडला ग्येलात?"

मी हो म्हटलं. तिचा चेहरा उतरला. ही दोघं मला दरीत शोधत आली हे ऐकून माझ्यावर काय कोसळलं ते मी सांगितलंच. आता तिच्यावर कोसळताना बघत होतो. म्हैस तोवर गेलेली होती, मी वर धावलो असतो तरी काही उपयोग नव्हता, हे तिलाही माहीत होतं.  तिने चपला हातात घेतल्या आणि दिराला म्हणाली, चल.

मी त्यांच्या मागोमाग गेलो. नको म्हणाली नाहीत. फाट्यापर्यंत जीप मिळाली, पुढे पायवाट. मी दिराला वाटेत म्हशीची लक्षणं विचारली. कळा येत होत्या, उठबस करत होती, पण पाणमोट, म्हणजे पिलाभोवतीची पाण्याची पिशवी, दिसलीच नाही, म्हणाला. पुन्हा पीळच. काल चार वाजता मी घाटात त्यांच्याच पायवाटेच्या तोंडावरून गेलो असणार. वहिनीने फळी गोठ्याबाहेर काढून ठेवली होती. ती तिथेच भिजत पडलेली मी पाहिली.

म्हशीला पुरून झालं होतं. वहिनीने मला घोंगडी दिली, कोरा चहा दिला. थोड्या वेळाने मुंबईहून नवऱ्याच्या फोनची वेळ झाली तशी ती अंगणापलीकडच्या रेंजच्या दगडावर गेली आणि फोन येताच तिने मलाही बोलावलं. तिने फोन लाउडस्पीकरवर केला. नवऱ्याने मला जे काही सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सरकारी पगार, फुकटचा मान, सगळं काढलं. आजूबाजूच्या घरांतून माणसं बाहेर आली. मी तिच्याकडे बघितलं. ती स्पीकर बंद करील असं मला वाटत होतं. तिने केला नाही.

"त्याचं बराबर हाय," ती म्हणाली. "तुमी ऐका."

मी उभा राहून ऐकलं.

त्यानंतर त्या वाडीतून मला फोन आला नाही. हेडफोन मी परत फोनला लावला नाही, पण त्याने काय होणार होतं? मधे एकदा त्यांच्याकडच्या रेड्याचा पाय मोडला, तेव्हा त्यांनी महाडहून माणूस नेल्याचं मला परिचराकडून कळलं. 

मार्गशीर्षात एका दुपारी वहिनी दवाखान्यात आली. बसली नाही. पदराच्या गाठीतून फोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, आवाज येत नाय, लई बारीक येतो. बाजारात दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे का गेली नाही हे मी विचारलं नाही. आवाज सगळ्यात खाली होता, तो वाढवला. कानाकडच्या जाळीत भाकरीचं पीठ आणि धूळ घट्ट बसली होती. तिथे पाणी किंवा स्पिरिट लावायचं नसतं. कोरड्या ब्रशने, फोन उलटा धरून, हळूहळू मोकळी केली. मग बाहेर ओट्यावर गेलो आणि माझ्या फोनवरून तिला लावला. खिडकीतून ती दिसत होती. तिने फोन कानाला लावला.

मी विचारलं, "ऐकू येतंय का, वहिनी?"

"येतंय," ती म्हणाली. मी फोन कापला नाही. तीही फोन कानाला धरून उभी राहिली. मग तिनेच सांगितलं, "दुसरी म्हस फाल्गुनात व्यायची हाय."

मी म्हटलं, येतो. तिने फोन गाठीत बांधला आणि गाडी चुकेल म्हणून घाईने निघून गेली.