खंडेनवमीला चालू राहिलेलं मशीन

बरकत शिकलगारच्या आजोबांनी गावोगाव हिंडून विळ्या-कोयत्यांना धार लावली, वडिलांनी पिंपरीत दुसऱ्याच्या लेथवर जन्म काढला, आणि बरकतनं तळवड्याच्या गल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं, संगणकावर चालणारं सीएनसी मशीन बसवलं. व्यसन नाही, उधळपट्टी नाही, कुणाचा एक पैसा बुडवलेला नाही. अशा माणसाला बुडवायला सातासमुद्रापलीकडचं सरकार यावं लागलं.

बरकत पाइपांचे पोलादी जोड बनवायचा. चाकणची एक कंपनी ते घेऊन अमेरिकेला धाडायची. अमेरिकेनं भारताच्या मालावर पन्नास टक्के आयातकर बसवला, तेव्हा टीव्हीवरची जाडजूड माणसं म्हणाली की देशाला फारसा फरक पडणार नाही. नसेलही पडला. देश केवढा मोठा! बरकतच्या शेडमध्ये मात्र एक मशीन आणि एक कामगार मावत होता.

तिकडच्या गिऱ्हाइकानं चाकणच्या कंपनीला सांगितलं, कराचा भार तुम्ही सोसा. कंपनीनं बरकतला सांगितलं, तुम्ही सोसा. वरच्यानं खालच्यावर ढकलायचं, ही तर जगाची रीतच. बरकतच्या खाली एकटा कामगार ज्योतीराम उरला होता. त्याच्यावर काय ढकलणार? म्हणून बरकत ‘एवढ्या भावात परवडत नाही’ म्हणाला, आणि कंपनीनं काम थांबवलं. जोडांचे आटे अमेरिकेच्या मापाचे, इंचातले. तयार माल भोसरीत दारोदार दाखवला, पण इथल्या पाइपांना तो बसेना. शेवटी भंगारात गेला.

ज्योतीराम धाराशिवकडचा. मशीन आलं त्या दिवसापासून तोच त्यावर उभा. त्याला घरी बसवताना बरकत म्हणाला, “काम आलं की पहिला फोन तुलाच. खुदा की कसम.”

“शपथ कशाला घेता, भाई? तुमी म्हनलात, झालं.” ज्योतीराम डबा घेऊन निघून गेला. त्याच्या या भरवशाचंच बरकतला ओझं झालं. दुसरं काही टिको न टिको, ज्योतीरामला दिलेला शब्द टिकला पाहिजे, एवढं एकच त्यानं धरून ठेवलं.

महिनाभर खेटे घातल्यावर पिंपरीची एक कंपनी शेड बघायला तयार झाली. साहेब येणार म्हणाले ते नेमके खंडेनवमीला. त्या दिवशी अख्ख्या गल्लीत एकही मशीन फिरत नाही. हत्यारांना धुऊन पुसून पूजतात आणि विश्रांती देतात. बरकतकडची पूजा दरवर्षी ज्योतीराम करायचा. बरकत टोपी घालून, पेढ्यांचा पुडा धरून शेजारी उभा राहायचा.

“आजच्या दिवस नका चालवू,” सादिका नवऱ्याला म्हणाली.

“बंद शेडला काम कोण देतं? साहेबांना वाटलं पाहिजे, सणालासुद्धा यांना उसंत नाही.”

नुसतं फिरवलेलं मशीन जाणत्या कानाला लगेच कळतं. म्हणून या शहाण्यानं भंगारातला एक गज लावला आणि शटर अर्धं ओढून तो खरोखरीच कापायला घेतला. गल्ली गप्प, आणि त्या शांततेत एकटं बरकतचं मशीन लोखंड खात होतं. साहेब आले नाहीत. फोनही उचलला नाही. कुठल्या तरी पूजेचे पेढे खात बसले असतील!

दुपारी बरकत बाहेर आला तर शटरच्या कडीला झेंडूचा हार अडकवलेला. खाली नारळ ठेवलेला. कोण येऊन गेलं, ते विचारायची गरजच नव्हती. मशीन बंद करून तो तसाच निगडीला, ओटा स्कीम वस्तीतल्या ज्योतीरामच्या खोलीवर गेला.

दार ज्योतीरामच्या बायकोनं, मंजुळाबाईंनी उघडलं. एरवी ‘या भाईजी’ म्हणणाऱ्या वहिनी नुसत्या बाजूला झाल्या. ज्योतीराम पलंगावर बसला होता. अंगावर सणाचा पांढरा सदरा.

“नवा मानूस चांगला हाय का हो?” त्यानं विचारलं.

“नवा कुणी नाही रे! मीच होतो.”

“भाई, मी भाईर उभा राहून ऐकलं. मशीन रिकामं नव्हतं. माल निघत व्हता.”

“भंगारातला गज कापत होतो. साहेबांना दाखवायला. कामबिम काही नाही, ज्योतीराम. सगळं सोंग होतं.” बरकतनं बोटांत रुतलेले लोखंडाचे गंजके कीस पुढे धरले. नव्या मालाला इतका गंज नसतो.

ज्योतीरामनं ती बोटं नीट बघितली. त्याला पटलं, हे बरकतला दिसलं. जीव भांड्यात पडणार, तोच ज्योतीराम म्हणाला, “मग मला का न्हाई बोलवलं? सोंगच करायचं व्हतं, तर मी उभा राहिलो असतो की मशीनवर. बिनपगारी राहिलो असतो.”

बरकतला हे सुचलंच नव्हतं. कामाचा पहिला फोन करायचा, एवढंच त्यानं जपलं होतं; अडचणीत कुणाला हाक मारायची, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. आपण मालक आणि तो कामगार, हे त्यानं तोंडानं कधी म्हटलं नव्हतं, पण आज करून दाखवलं होतं.

मंजुळाबाईंनी चहा ठेवला. तो संपवून बरकत उठला. ज्योतीराम दारापर्यंत सोडायला आला नाही.