मोटरीची आच

...तर काल सांगत होतो, मेकॅनिकनं मोटर उघडली, पुसली, परत जोडली आणि म्हणाला, “ताई, हिला धाड भरलेली नाही.” पण आमच्या लेकीला पटेल तर शपथ! पिठाची गिरणी तिचीच, नवऱ्यामागे एकटीनं चालवलेली. आणि आता पट्टा फिरायला लागला, की छातीपासून कानशिलांपर्यंत भडका उठायचा, काळीज धडधडायचं. मोटरीची आच अंगात शिरते, असं तिनं मनाशी पक्कं धरलं. आधी पंखा आणला, मग भिंत फोडून खिडकी केली, शेवटी गिरणीला गिऱ्हाईक बघितलं, पलीकडच्या गावचा दुकानदार. “बाबा, जीव राहिला तर दुसरं काही करीन,” म्हणाली आणि तोंड फिरवून जात्याचा दगड पुसत बसली.

त्याच आठवड्यात आरोग्य केंद्राच्या नर्सबाई आल्या. चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांच्या तब्येतीविषयी विचारायचे प्रश्न परक्या भाषेतून मराठीत करून आणले होते. ते बायकांना कळतात का, एवढं बघायचं होतं. दळणाला आलेल्या बायका गिरणीत आयत्याच बसलेल्या. नर्सबाई मला म्हणाल्या, “आजोबा, तुम्ही जरा बाहेर.” गेलो की बाहेर! मधला पत्रा काही फार जाड नाही.

“आपणांस आकस्मिक उष्णतेचा प्रादुर्भाव जाणवतो काय?” नर्सबाईंनी वाचलं. “काय म्हणाल्या गं?” कुणीतरी कुजबुजलं.

“बरं, काय कळलं ते आपल्या शब्दांत सांगा.”

“अंगात एकदम भट्टी पेटते, तेच ना?” लेक म्हणाली. “मला होतं. पण ते मोटरीमुळं.”

शिवणकाम करणारी शेजारीण खो खो हसली. “अगं बये, माझ्या घरी कुठली मोटर? मी गार पाण्यात पाय सोडून बसले तरी पेटते!”

“आणि धडधड अशी, की वाटतं, आता गेलेच,” शाळेतल्या शिपाईणबाई म्हणाल्या.

“म्हणजे तुम्हालासुद्धा?” लेकीचा आवाज केवढासा झाला.

नर्सबाईंनी कागद खाली ठेवल्याची फडफड ऐकू आली. पाळी जायच्या वयात पुष्कळजणींना असं होतं, हळूहळू ओसरतं. तरी धडधडीसाठी उद्या केंद्रात ये, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं. काळीज ठणठणीत! येताना लेक माझ्यापुढं झपाझप चालत होती, मलाच धाप लागली.

संध्याकाळी तो दुकानदार बोलणी करायला दारात हजर. मी आत जाऊन विचारलं, “काय सांगू त्याला?”

लेकीनं मोटर चालू केली, घाम पुसला आणि आवाज चढवून म्हणाली, “गिरणी विकायची नाही म्हणावं. दळण आणलं असेल, तर डबा रांगेत ठेव!”