पाचटावरचे पाईप

माझ्या ट्रेलरवरचे पाईप फुटतात कशानं, हेच मला पाच खेपा झाल्या तरी कळत नव्हतं. बारामतीजवळच्या एका कारखान्यात सिमेंटचे पाईप भरायचे आणि सोलापूरच्या पुढं उतरवायचे, एवढंच काम. पण दर खेपेला दोन-तीन पाईपांच्या कडा उडालेल्या. त्यांची किंमत भाड्यातून कापायचे. डिझेल-टोल जाऊन माझ्या हाती धुपाटणं!

भरण्यात खोट नाही, याची मला खात्री. लासुर्ण्यात आमच्याकडं नाजूक काही न्यायचं म्हटलं की खाली पाचट घालतात, उसाचा वाळलेला पाला. तसंच मी दोन पाईपांच्या मधे आणि खाली वीतभर पाचट स्वतः अंथरायचो, वरून पट्टे करकचून आवळायचो. पाईप तसूभर हलायचा नाही. मग राहिलं कोण? ड्रायव्हर.

आमचे ड्रायव्हर वयानं मोठे, मी त्यांना तात्या म्हणायचो. बारा वर्षं आमच्याकडं. पण मोबाईलवर गाडी कुठं आहे ते दिसतं ना, त्यात इंदापूरच्या पुढं नि टेंभुर्णीला गाडी वीस-वीस मिनिटं उभी. म्हटलं, हे चहा पीत बसतात, मग वेळ भरून काढायला गाडी हाणतात. माझं डोकं सणकलं. ठरवलं, या खेपेला आपण शेजारी बसायचं. पाईप फुटले तर तात्यांना नारळ द्यायचा.

"आज मधी कुठं थांबायचं न्हाय," मी केबिनमध्ये चढताच बजावलं.

"थांबावं लागतंय वो, मालक."

"चहा तितं गेल्यावर पिऊ."

तात्यांनी गिअर टाकला.

गाडी त्यांनी अशी चालवली, जणू मागं बाळंतीण बसलीय. माझी नजर वेगाच्या काट्यावर. काटा चाळीसच्या वर जाईना. इंदापूरच्या पुढं त्यांनी गाडी कडेला घेतली, मी म्हटलं, "चला." टेंभुर्णीलाही तेच. मला तर काही सुधरेना. एवढं जपून चालवणारा माणूस पाईप फोडतो कसा?

उतरवताना सात पाईप फुटलेले निघाले. सात! मी डोक्याला हात लावून खालीच बसलो. डोळ्यांदेखत सगळा रस्ता पाहिलेला, एक गचका नाही, मग हे झालं कसं? तेवढ्यात पट्ट्यांकडं लक्ष गेलं. आतून अख्खा हात जाईल इतके ते सैल. वीतभर पाचट चेपून भाकरीएवढं पातळ झालेलं.

"पाचट दबतंय, पट्टा सैल पडतोय, पाईप एकमेकावर आपटत्यात," तात्या म्हणाले. "म्हणून मी दोन ठिकाणी उतरून पट्टे आवळायचो."

"मग सांगायचं न्हाय का?"

"पयल्याच खेपेला सांगितलं की. लाकडाच्या पाचरी ठोका म्हणलं. तुमी म्हणला, आमाला नका शिकवू."

म्हटलं होतं खरं. मला लाज वाटली, आणि लाजेनं रागही आला. एकदा सांगून गप्प का बसले हे? पाचदा सांगायला काय झालं होतं? का ऐकणारा मीच नव्हतो? अजूनही नीट उमगत नाही.

 परत लासुर्ण्यात आल्यावर तात्यांनी गाडीची चावी माझ्यापुढं धरली.

"तात्या, असं काय करताय? पुढच्या खेपेला पाचरी लावू."

"पाचरी लावा. पाईप फुटायचे न्हाईत," ते म्हणाले. "पण बारा वर्षांत पयल्यांदा माझ्यावर राखण बसवली तुमी. ते न्हाय झेपलं."

पुढच्या खेपेला ड्रायव्हर नवा होता, पाचरी मी ठोकल्या. एकही पाईप फुटला नाही. हे आधी तात्यांना सांगावं म्हणून फोन काढला, नंबरही काढला, पण लावायची काही छाती झाली नाही.