माउसची पूजा

"मेनू आपोआप उघडला पाहिजे. गिऱ्हाइकाला बटण कसलं दाबायला लावता?" देशमुख साहेब म्हणाले. रबाळ्यात त्यांचा व्हॉल्व्हचा कारखाना आहे आणि मी त्यांची नवी वेबसाइट करत होते.

मेनू म्हणजे साइटच्या माथ्यावरची पट्टी. साहेबांना हवा होता होव्हर मेनू. माउसचा बाण नुसता वर नेला की खाली यादी उघडते. दिसायला झकास. पण त्यांच्या टेलिफोन ऑपरेटर शुभांगीताईंना दिसत नाही, त्यामुळे माउसचा उपयोग नाही. त्या टॅबचं बटण दाबत एकेका लिंकवर जातात, कॉम्प्युटर लिंकचं नाव बोलून दाखवतो, हवी ती आली की एंटर मारतात. होव्हर मेनूत यादी बंदच राहते आणि टॅब पुढे निघून जातो. फोनवर कोणी स्पेअर पार्ट विचारला, तर ताईंना तो साइटवर सापडणारच नाही.

"नवीन साइट जमत नसेल तर त्यांना पॅकिंगला टाकू," साहेब सहज बोलून गेले.

"मला पॅकिंग नको हो मॅडम," ताई मला म्हणाल्या. "फोनवर निदान लोक मला ओळखतात."

मला साहेबांचा रागच आला. एंटरने उघडणारा मेनू मी करून दाखवला. "जुनाट वाटतो," ते म्हणाले. मी तो पुसला नाही, बाजूला ठेवला.

लाँच दसऱ्याला. मशिनांबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा झाली. साहेब भाविक माणूस. प्रत्येक टेबलावरच्या माउसला हळदकुंकू वाहिलं, वर नारळाचं पाणी सढळ हाताने शिंपडलं. मग डीलर मंडळींसमोर साइट उघडून त्यांनी माउस हलवला. बाण हलेना. शेजारच्या टेबलावरचा आणला, त्यालाही तोच प्रसाद मिळालेला. नवा काढावा, तर स्टोअरला सणाचं कुलूप.

"कीबोर्डवरून करा ना साहेब," मी म्हणाले.

टॅब दाबत ते 'उत्पादने'वर आले. एंटर मारला. काहीच नाही. पुन्हा मारला.

"बंद पडली काय साइट?"

"नाही साहेब. चालू आहे. तुमचा मेनू असाच आहे."

मागे एक डीलर खोकला.

"तो तुमचा दुसरा लावा की," साहेब हळूच म्हणाले.

मी माझ्या लॅपटॉपवरून लावला. एंटरसरशी यादी उघडली, टाळ्या पडल्या. भाषणात साहेबांनी सांगितलं, की आपली साइट माउसशिवाय चालते आणि ही कल्पना मूळची त्यांची. मी मुकाट्याने पेढा खाल्ला.

शुभांगीताई आपल्या खुर्चीवरच आहेत. परवा फोन केला, तर नाव सांगायच्या आत त्यांनी मला ओळखलं.

या विषयावर मी साहेबांना रंगीत स्लाइड्सचं प्रेझेंटेशन दिलं होतं. नारळाच्या पाण्याइतका परिणाम त्याचा झाला नाही. हल्ली एखादा क्लायंट होव्हरवर अडून बसला, की मी वाद घालत नाही. फक्त विचारते, "पूजा कधी ठेवताय?"