लुक फॉरवर्ड टू... आणि आमची आई

परवाची दुपार. अणदूरला आमच्या ओसरीवर माझा इंग्रजीचा क्लास चालू होता. थंडीतलं उबदार ऊन, पोरांची पेंगुळलेली तोंडं... आणि उंबऱ्यापाशी सूप घेऊन तूर निवडत बसलेली आई.

माझे वडील, अण्णा, गेल्यापासून ती अशीच बसते. विचारलं तर बोलते, वाढलं तर जेवते. वर्ष होत आलं. ही अशीच आतल्या आत मिटून जाणार की काय, या धास्तीनं माझा जीव टांगणीला लागला होता.

त्या दिवशी शिकवायचं होतं ‘लुक फॉरवर्ड टू’. मेलच्या शेवटी आपण सवयीनं चिकटवून देतो ना, तेच. पोरांना म्हटलं, एसटीची वाट बघतो ते नुसतं वेट. मामा येणार म्हणून सकाळपासून दारात घुटमळतो, ते लुक फॉरवर्ड टू. येणाऱ्या गोष्टीकडं आत्तापासूनच आनंदानं बघत राहायचं...

कुणी दिवाळीचं वाक्य केलं, कुणी तेरखेड्याच्या फटाक्यांचं. तेवढ्यात उंबऱ्यावरून आवाज आला.

“आन ज्याला कुणाची वाटच बघायची न्हाय, त्यानं काय म्हणायचं गं?”

मी फळ्याकडं वळून तेच वाक्य उगाच पुन्हा गिरवलं.

मग शेजारची चिमुरडी ईश्वरी उठून उभी राहिली. “वी आर लुकिंग फॉरवर्ड टू खंडोबा!” पोरं हसली. पण खरंच होतं तिचं, देव दोनच दिवसांत यायचा होता. थंडीत आमचा देव नळदुर्गला मुक्कामाला जातो आणि मग परत अणदूरला येतो. तो नसला की गाव कसं रिकामं रिकामं वाटतं... पण उदास नाही वाटत. येणार हे ठाऊक असतं ना.

आई हसली नाही. सुपातला हात मात्र थांबला होता. किती तरी वेळ ती रस्त्याकडं बघत राहिली... नळदुर्गकडून येणाऱ्या रस्त्याकडं.

दरवर्षी देव यायच्या दिवशी आमच्या दारात तिची मोठी रांगोळी असायची. अण्णा सडा घालायचे, ती रेघा ओढायची. यंदा मी तो विषयच काढला नव्हता.

संध्याकाळी भाकरी थापताना माझ्याकडं न बघताच म्हणाली, “रांगोळी हाय का गं घरात? लई लागंल.”

मी ‘आहे’ म्हटलं आणि धावत दुकानात गेले. घरात चिमूटभरही नव्हती.

आज देव आला. पहाटेच्या धुक्यात मी सडा घातला आणि आईनं रांगोळी काढली. भंडाऱ्यानं सगळा रस्ता पिवळा झाला होता, आणि आई गर्दीत टाचा उंचावून पालखी बघत होती. तिच्या कपाळावर, केसांत भंडारा... आणि चेहऱ्यावर ते जुनं हसू. मला रडूच आलं.

खंडेराया, तू तर दरवर्षीच येतोस. यंदा येताना माझ्या आईलाही घेऊन आलास...